टँकर, ढाबा आणि आजीचं रॉकेल : तेलाच्या सत्तेवरचा एक पाठ



या वेळचा पाठ एका सिनेमातून निघाला आणि शेवटी दूध डेअरीच्या लॅक्टोमीटरवर येऊन थांबला. मधे बरंच काही झालं. त्यातलं थोडं मला अजूनही नीट उलगडलेलं नाही, तरी जसं झालं तसं लिहितो. तुमच्या वर्गात याचा उपयोग होईल असं वाटतं.

आमचं आंबवडे भोरपासून दहा-अकरा किलोमीटरवर. झुलता पूल, नागेश्वराचं मंदिर, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या, एवढ्यासाठी लोक इकडे येतात. तेलाचा आणि आमचा संबंध म्हणाल तर गाडीत टाकायचं पेट्रोल, ट्रॅक्टरला लागणारं डिझेल, बस्स. निदान मला तसं वाटत होतं. आमचा एक माजी विद्यार्थी आखातात पाइप फिटर आहे. दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा शाळेत भेटायला आला आणि म्हणाला, "सर, 'सिरियाना' बघितलाय का? बघाच. त्यात आमच्या लेबर कॅम्पसारखी खोली आहे." त्याने एवढ्या आग्रहाने सांगितलं म्हणून बघितला. एकदा बघून कळला नाही, खरं सांगतो. दुसऱ्यांदा कागद-पेन घेऊन बसलो.

हा सिनेमा २००५ सालचा. लेखक-दिग्दर्शक स्टीफन गॅगन. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यात काम केलेल्या रॉबर्ट बेअर यांच्या आठवणींच्या पुस्तकावरून तो सुचला. जॉर्ज क्लूनी यांना यातल्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. गोष्ट एका माणसाची नाही, चौघांची आहे आणि ते चौघे एकमेकांना जवळजवळ भेटतच नाहीत. एक म्हातारा होत चाललेला गुप्तहेर. एक वकील, ज्याला दोन तेल कंपन्यांच्या विलीनीकरणात काही काळंबेरं आहे का हे तपासायचं आहे. जिनिव्हात राहणारा एक ऊर्जा सल्लागार, ज्याचा लहान मुलगा एका अमीराच्या मेजवानीत पोहण्याच्या तलावात मरतो आणि त्या दुःखातूनच त्याला अमीराच्या मुलाचं मोठं काम मिळतं. चौथा वासिम, आखातात तेलाच्या क्षेत्रात काम करणारा पाकिस्तानी पोरगा. क्षेत्र दुसऱ्या देशाच्या कंपनीकडे गेलं आणि एका सकाळी त्याची आणि त्याच्या बापाची नोकरी गेली. नोकरी गेली की राहायचा परवानाही जातो. पुढे तो कुणाच्या हाती लागतो आणि त्याचा शेवट काय होतो, ते सिनेमातच बघा.

आमच्या पाइप फिटरला हाच वासिम आठवत राहिला होता. मला मात्र वकील जास्त लक्षात राहिला. त्याला लाच सापडते. लहान कंपनीने मध्य आशियातलं तेलक्षेत्र कसं मिळवलं याचा धागा त्याच्या हाती लागतो. मग काय होतं? चौकशी झाली असं दिसायला हवं म्हणून दोन माणसं पुढे केली जातात, त्यांच्यावर ठपका येतो, विलीनीकरण ठरल्याप्रमाणे पार पडतं. ज्याने शोधून काढलं तोच वकील हे जुळवून देतो. त्याला कुणी बंदूक लावलेली नसते. पगार, पद आणि जरा शहाणपणाचा सल्ला, एवढंच पुरतं. सिनेमात एक तेलवाला त्याच्यावर ओरडून सांगतो की भ्रष्टाचार हीच आपली ऊब आहे, तिच्यामुळेच आपण जिंकतो. तो खलनायक वाटत नाही, कंटाळलेला माणूस वाटतो. हे फार खरं आहे.

सिनेमा पोरांना दाखवू नका. छळाचा एक प्रसंग आहे, तो मोठ्यांनाही बघवत नाही. शिवाय नववीच्या मुलांना त्यातली पात्रं ओळखता ओळखता वेळ संपेल. पण त्याची बांधणी उचलण्यासारखी आहे. एक माल, अनेक हात आणि प्रत्येक हाताला फक्त आपल्यापुरतं माहीत. मी ठरवलं की हीच बांधणी घेऊन आपल्याकडची गोष्ट शिकवायची. ती शोधायला लांब जावं लागत नाही. नाशिक जिल्हा पुरे.

दरवर्षी २५ जानेवारीला आपण शाळांमधून राष्ट्रीय मतदार दिनाची शपथ घेतो. हा दिवस पहिल्यांदा साजरा झाला तो २०११ साली. त्याच दिवशी, २५ जानेवारी २०११ ला, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी इथे भरदुपारी रॉकेल टाकून जाळून मारण्यात आलं. रस्त्याने जाताना एका ढाब्याजवळ त्यांना टँकर उभे दिसले. इंधनाची चोरी आणि भेसळ चालली असावी असा संशय आला म्हणून ते थांबले. सोबत चालक आणि स्वीय सहायक, एवढेच. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता, म्हणजे राज्यातल्या प्रत्येक तहसील कचेरीसमोर झेंड्याची दोरी तपासणं चालू असेल त्या वेळची ही गोष्ट. २७ जानेवारीला राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. पाठोपाठ ठिकठिकाणी छापे पडले, धरपकड झाली, तपास पुढे सीबीआयकडे गेला.

आपल्यापैकी अनेकांना तो संप आठवत असेल. आम्हीही त्यात होतो. काळ्या फिती लावल्या, सभेत दोन मिनिटं उभे राहिलो, घरी गेलो. मी वर्गात मात्र त्यावर एक शब्द बोललो नव्हतो. पोरांनी विचारलं होतं, "सर, काल सुट्टी कशाची होती?" मी म्हणालो, "संप होता." पुढचं सांगितलं नाही. 'सिरियाना' बघताना ते आठवलं आणि जरा लाज वाटली. या पाठाचं खरं कारण तेच म्हणा.

पानेवाडीच का, हा प्रश्न मी फळ्यावर पहिला लिहिला. नकाशा लावला. मुंबईत माहुल-तुर्भ्याला तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, १९५० च्या दशकात उभे राहिलेले. तेव्हा ते परदेशी कंपन्यांचे होते, १९७० च्या दशकात सरकारने ते ताब्यात घेतले. तिथून सुमारे अडीचशे किलोमीटरची जमिनीखालची नळवाहिनी मनमाडला येते. मनमाडजवळ तेल कंपन्यांचे डेपो आहेत. नळातून आलेलं पेट्रोल-डिझेल तिथे टाक्यांत साठतं आणि टँकरने पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत जातं. नळवाहिनीत तेल जमिनीखाली असतं, कुलपात असतं. टँकरमध्ये चढलं की ते रस्त्यावर येतं, ढाब्यावर चहा पिता पिता थांबतं. म्हणजे जिथे मोठा प्रवाह बारीक धारांमध्ये फुटतो तिथे हात घालायला जागा. आमच्या एका पोराने लगेच पाटाच्या पाण्याचं उदाहरण दिलं. धरणावर कुणी चोरी करत नाही म्हणाला, चारीवर करतात. मी त्याला शाबासकी दिली. भाटघरचं धरण दाराशी असलेल्या तालुक्यातल्या पोराला नळवाहिनी समजावून सांगावी लागत नाही.

मग दुसरा प्रश्न: भेसळ रॉकेलचीच का?

आत्ताच्या मुलांनी रेशनचं निळं रॉकेल बघितलेलंच नाही. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस घरोघर पोचला, रॉकेलवरचं अनुदान टप्प्याटप्प्याने संपलं. म्हणून आदल्या दिवशी गृहपाठ दिला होता: आजी-आजोबांना विचारून या, घरात रॉकेल कुठून यायचं, किती, काय भावाने, कशाला लागायचं. वहीत लिहून आणायचं. उत्तरं छान आली. चिमणी, कंदील, वातीचा स्टोव्ह, चूल पेटवायला शेणीवर टाकलेला घोट, पायाला काटा मोडला तर लावायचं औषध, ढेकणांवरचा उपाय. रेशन दुकानासमोर लावलेल्या डबड्यांची रांग. माणसाऐवजी डबडंच रांगेत उभं! यावर वर्ग खूप हसला.

हिशेब फळ्यावर केला. २०११ च्या सुरुवातीला दिल्लीत रेशनचं रॉकेल लिटरला साधारण १२ ते १३ रुपये होतं आणि डिझेल ३८ रुपयांच्या आसपास. आपल्याकडे भाव थोडे वेगळे, पण दरी तीच. लिटरमागे २५ रुपयांचा फरक. आता १२,००० लिटरचा टँकर धरा. त्यात दहा टक्के रॉकेल मिसळलं म्हणजे १,२०० लिटर. १,२०० गुणिले २५ बरोबर ३०,००० रुपये. एका खेपेला. मुलींनी हा गुणाकार माझ्याआधी केला आणि वर्ग एकदम शांत झाला. एका खेपेचे तीस हजार, आठवड्याला किती खेपा, किती टँकर. पुढचा गुणाकार मी सांगायची गरज पडली नाही.

गरिबाला परवडावं म्हणून सरकारने भाव कमी ठेवला, तो हेतू चांगलाच होता. पण एकाच दुकानात दिसायला-वागायला सारख्या असलेल्या दोन वस्तूंचे भाव एवढे लांब ठेवले की मधल्या जागेत कुणीतरी येऊन बसतंच. एनसीएईआर या संशोधन संस्थेने २००५ साली केलेल्या पाहणीत रेशनच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के रॉकेल घरांपर्यंत न पोचता दुसरीकडे वळत असल्याचं आढळलं होतं. ओळख पटावी म्हणून त्याला निळा रंग देत. तर रंग काढून टाकायच्या युक्त्या निघाल्या.

इथपर्यंत पाठ माझ्या हातात होता. मग मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हुशार आहे, कमी बोलते. वही उघडून तिने वाचलं: "आमच्या आजीचं रॉकेल आम्ही घेत नव्हतो. चुलीवर भागायचं. आजी कार्ड दुकानात द्यायची आणि दर महिन्याला पैसे घ्यायची. त्या पैशात माझ्या आत्याची वह्या-पुस्तकं यायची." आणि तिने विचारलं, "सर, मग आजीचं रॉकेल मनमाडला गेलं का?"

मी गप्प झालो. सरळ उत्तर 'नाही' असं आहे. भोरचं रॉकेल मनमाडला कशाला जाईल. पण तिला ते विचारायचं नव्हतं, हे मलाही कळलं आणि वर्गालाही. मग बाकीच्यांनी वह्या उघडल्या. अजून चार घरांत तसंच होतं. कुणी गुन्हा म्हणून नाही सांगितलं, सहज सांगितलं. जुन्या वस्तीत हे सगळ्यांना माहीत असतं, तसं.

मी तेव्हा जे म्हणालो ते लिहितो, बरोबर की चूक तुम्ही ठरवा. म्हणालो, आजीने पाच-दहा लिटरचे पैसे घेतले आणि पोरीला शिकवलं. तिला पुढचं काही दिसत नव्हतं. दुकानदाराला त्याच्या पुढचा व्यापारी तेवढा दिसत होता. व्यापाऱ्याला टँकरवाला. ढाब्यावरच्या पोराला रात्रीचे दोनशे रुपये. कुणालाच सगळं दिसत नव्हतं, आणि म्हणूनच ते चालत होतं. मग तिला म्हणालो, आजीला जाऊन काही बोलू नकोस. ती म्हणाली, "बोलले सर कालच. आजी म्हणाली, तुझ्या सराला सांग, महिन्याला रॉकेल तीनच लिटर मिळायचं आणि कार्डावर पाच लिहायचे." आता बोला! आजीच्या आधीही साखळीत एक कडी होती, आणि आजी तिची गिऱ्हाईक होती, हे मी धरलंच नव्हतं.

दुसऱ्या तासाला मी चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. ही कृती तुम्ही जरूर करा, साहित्य काही लागत नाही. बारा चिठ्ठ्या केल्या: रेशन कार्डधारक, रेशन दुकानदार, पुरवठा निरीक्षक, रॉकेलचा घाऊक व्यापारी, डेपोतला कर्मचारी, टँकरचालक, टँकरमालक, ढाबेवाला, पंपमालक, पंपावर नोझल धरणारा मुलगा, ट्रॅक्टरवाला शेतकरी आणि गावचा पुढारी. प्रत्येकाने आपल्या चिठ्ठीमागे तीन ओळी लिहायच्या. मला काय माहीत आहे? मला काय मिळतं? मी नाही म्हणालो तर माझं काय होईल? चर्चा नको, आधी फक्त लिहायचं. मग क्रमाने वाचायचं. पंपावरच्या मुलाची चिठ्ठी ज्याच्याकडे गेली त्याने लिहिलं होतं, "मला काही माहीत नाही. मला पगार मिळतो. मी नाही म्हणालो तर दुसरा येईल." पुढाऱ्याची चिठ्ठी मिळालेल्याने तिसरी ओळ कोरी ठेवली. विचारलं तर म्हणाला, "सर, याला कोण विचारणार आहे?"

मी चिठ्ठ्यांत एक चूक केली होती. सोनवणे साहेबांची चिठ्ठीच केली नव्हती. एकाने दाखवून दिलं. मग तेरावी चिठ्ठी केली, 'अपर जिल्हाधिकारी', आणि कुणालाच दिली नाही, फळ्याला चिकटवून ठेवली. तिच्यामागच्या तीन ओळी सगळ्यांनी मिळून सांगायच्या ठरल्या. पहिल्या दोन झाल्या. तिसरीला, 'मी नाही म्हणालो तर', वर्ग अडला. शेवटी एक जण म्हणाला, "सर, म्हणजे खरं वागणाऱ्याला मरावंच लागतं का?"

या प्रश्नाला तयारी करून जा, असं मी तुम्हाला कळकळीने सांगतो. मी तयारीत नव्हतो. मी त्यांना मंजुनाथ शण्मुगम यांची गोष्ट सांगायला घेतली होती. ते लखनौच्या आयआयएममधून शिकलेले, इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी. उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यात भेसळीसाठी त्यांनी पंपावर कारवाई केली आणि १९ नोव्हेंबर २००५ ला त्यांचा गोळ्या घालून खून झाला. त्यांच्यावर २०१४ साली 'मंजुनाथ' हा हिंदी सिनेमाही आला. (योगायोग बघा, 'सिरियाना' अमेरिकेत पहिल्यांदा लागला तो त्यानंतर चारच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला.) पण या प्रश्नानंतर ती गोष्ट सांगणं म्हणजे पोराच्या शंकेवर शिक्का मारणं. मी एवढंच सांगितलं की मंजुनाथांच्या मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी तो खटला सोडला नाही, खुन्यांना शिक्षा झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयातही टिकली. आणि असंही सांगितलं की दोघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी होती: त्या क्षणी ते जवळजवळ एकटे होते. तपासणीला एकटा माणूस जातो ही त्याची शूरता असेल, पण यंत्रणेचा तो दोष आहे. पुरेसं पोलीस बळ, पथक, नोंद, वरिष्ठांना आधी कळवणं, हे कंटाळवाणे नियम माणूस वाचवण्यासाठी असतात. नागरिकशास्त्रात आपण 'प्रशासन' हा धडा पाठ करून घेतो तेव्हा हे कधी सांगतो का?

पोराचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

आता विज्ञानाकडे येतो. नुसत्या चर्चेने पोरं हताश होतात, हाताला काम दिलं की सावरतात. सूचना आधी: वर्गात पेट्रोल, डिझेल, रॉकेल काहीही आणायचं नाही. थेंबभरसुद्धा नाही. आपल्याकडे त्याहून चांगलं साधन आहे, दूध. गावातल्या निम्म्या मुलांच्या घरचं दूध डेअरीला जातं. 'फॅट' आणि 'डिग्री' हे शब्द त्यांना आपल्याहून चांगले समजतात. लॅक्टोमीटर दुधात किती बुडतं यावरून डिग्री कळते, म्हणजे घनता कळते. पाणी घातलं की दूध हलकं होतं, लॅक्टोमीटर जास्त बुडतं, डिग्री पडते. पेट्रोल पंपावर असतं ते हायड्रोमीटर अगदी तसंच. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरला साधारण ७२० ते ७७५ किलो, डिझेलची ८२० च्या पुढे, आणि रॉकेल या दोघांच्या मधे. म्हणून पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं की घनता वाढते, डिझेलमध्ये घातलं की घटते. पण डिझेल आणि रॉकेल इतके जवळ की थोडं मिसळलं तर फरक बारीक पडतो.

मी विचारलं, "मग भेसळवाला पाणी का नाही घालत? पाणी तर फुकट आहे." उत्तर पोरांनीच दिलं. पाणी खाली बसतं, इंजिन बंद पडतं, लगेच पकडला जातो. बरोबर. भेसळीला नेहमी असा पदार्थ लागतो जो चाचणीतून सुटतो. एक पोरगा हळूच म्हणाला, "सर, दुधात पाणी घातलं तर डिग्री पडते, म्हणून वरून साखर घालतात." त्याला हे कुठून माहीत, हे मी विचारलं नाही. मिठाच्या पाण्यात आणि साध्या पाण्यात लॅक्टोमीटर सोडून दाखवलं, मग साध्या पाण्यात थोडी थोडी साखर विरघळवून तीच डिग्री आणून दाखवली. एका आकड्यावर विसंबणारी चाचणी फसवता येते, हे पोरांनी डोळ्यांनी बघितलं.

पालकांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी, कारण हा हक्क असून आपण वापरत नाही. पंपावर त्या दिवशीची घनता फलकावर लिहिलेली असते. ती आणि टँकरसोबत आलेल्या पावतीवरची घनता यांत घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त फरक नसावा. तुम्ही ती मोजून दाखवायला सांगू शकता. पेट्रोलसाठी फिल्टर पेपर मागा. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल साधारण दोन मिनिटांत उडून जातं, डाग राहत नाही. डाग राहिला तर शंकेला जागा आहे. मापाची शंका असेल तर पाच लिटरचं प्रमाणित माप पंपावर असतंच. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. मी स्वतः हे पहिल्यांदा एका पंपावर मागितलं तेव्हा तिथला मुलगा माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी त्याच्या घरात शिरलो. मागे रांगेतला एक जण म्हणाला, "गुरुजी, आटपा की." पण पेपर मिळाला. डाग राहिला नाही. थोडा ओशाळलो, तरी पुढच्या वेळी परत मागितला.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला महिना लागला तो सांगतो. चिठ्ठ्यांच्या तासानंतर तिसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. त्यांचा मुलगा त्याच वर्गात आहे. ते टँकर चालवतात, पुण्याकडच्या डेपोतून तेल घेऊन जातात. आले ते रागातच. म्हणाले, "सर, पोराने घरी येऊन मला विचारलं, पप्पा तुम्ही पण करता का? बायकोसमोर, आईसमोर. तुम्ही काय शिकवलंत हो पोरांना?"

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला. आधी माफी मागितली, कारण चूक माझी होती. 'टँकरचालक' ही चिठ्ठी वर्गात टाकताना बाकावर कुणाचा मुलगा बसलाय हे मी बघायला हवं होतं. तुम्हीही बघा. पुरवठा खात्यातल्या माणसाचं पोर असेल, पंपावर काम करणाऱ्याचं असेल, रेशन दुकानदाराचं असेल. सिनेमात पात्रं असतात, वर्गात त्यांची मुलं असतात. ते जरा शांत झाल्यावर मी म्हणालो, "तुम्हीच येऊन सांगता का मुलांना, टँकर कसा चालतो ते?" ते नको म्हणाले. दोन दिवसांनी मुलाच्या हाती निरोप आला, शनिवारी सकाळी येतो.

ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी अख्खा तास त्यांना दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्यांनी खडू घेऊन फळ्यावर टँकर काढला, चार कप्पे दाखवले. भरताना कुठे उभं राहायचं, अंगावरची स्थिर वीज उतरवायला तार का लावायची, डिपची काठी कशी घालायची, खुणेपर्यंत तेल आलं की नाही कसं बघायचं. वरच्या झाकणाला आणि खालच्या व्हॉल्व्हला सील कसं लागतं, सीलचा नंबर पावतीवर कसा असतो, पंपावर पोचल्यावर तो नंबर कोण ताडून बघतो. उन्हाने तेल फुगतं, रात्री आकसतं, त्यामुळे डिपमध्ये फरक दिसतो आणि पंपवाला त्याच्यावरून कसा वाद घालतो, आणि तो तुटीचा भुर्दंड कधी कधी चालकाच्या पगारातून कसा जातो. हे मला माहीत नव्हतं. घनता तापमानाबरोबर बदलते हे मी पंधरा वर्षं शिकवतोय, पण त्याने एखाद्याचा पगार कापला जातो हे त्या दिवशी कळलं.

त्यांचा मुलगा पहिल्या बाकावर बसला होता. पहिली दहा मिनिटं मान खाली, मग वर.

शेवटी प्रश्नांना वेळ ठेवला. बरेच प्रश्न गाडी किती वेगाने पळते, आग लागली तर काय करायचं, असे. मग त्या रॉकेलवाल्या आजीच्या नातीने हात वर केला. "काका, तुम्हाला वाटेत कधी कुणी विचारलंय का? थांबा म्हणून?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोललो नाही. त्यांनी खडू टेबलावर ठेवला, हात झटकले.

"विचारतात की," ते म्हणाले. "ढाब्यावर जेवायला थांबलो की येतो कुणीतरी. चांगला बोलतो. आधी जेवणाचे पैसे देतो."

"मग तुम्ही काय करता?"

"मी आता डबा घरनं नेतो," ते म्हणाले, आणि खिशातून एक तुटलेलं सील काढून त्यांनी पहिल्या बाकावर दिलं, मागे फिरवायला.